रोहिणीच्या छताखाली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. समितीत नाही, घोडपदेवला घरी नाही. आणि मी गप्प बसणाऱ्यांतली आहे असं कुणी म्हणणार नाही — नाक्यावर स्टूल टाकून पाण्याच्या प्रश्नावर बोलणारी, हवालदाराला "आधी लेखी ऑर्डर दाखवा" म्हणणारी मुलगी मी. मग एवढंच का सांगायचं राहिलं?

सुरुवात एका मोटारीपासून झाली. रोहिणी. तुम्ही बसला असाल तिच्यात — गोल दिवे, जाड दरवाजे, मागच्या सीटवर चार माणसं आणि मांडीवर एक गणपती. कारखाना बंद पडला, गाडीही संपली. आमची समिती बंद कारखान्यांतल्या कामगारांचा इतिहास गोळा करते. म्हणून एका दुपारी परळच्या ऑफिसात मी इंटरनेटवरच्या ज्ञानकोशातला रोहिणीचा लेख उघडला — तो ज्ञानकोश, ज्यात कुणीही जाऊन लिहू शकतं.

डोकंच फिरलं माझं. इंजिन केवढं, पुढची जाळी कधी बदलली, कुठल्या रंगाला मागणी — सगळं होतं. आरशाच्या आकारावर अख्खा परिच्छेद! आणि ज्यांनी ती बनवली, त्यांच्यावर? एक ओळ नाही. शेवटी फक्त 'नंतर उत्पादन थांबले.' थांबले! आपोआप? लाइट गेल्यावर पंखा थांबतो तसं?

मी पत्रकं लिहून लिहायला शिकले. मला शिकवणाऱ्या शैलाताई म्हणायच्या, "पत्रकात 'बहुधा' लिहिलंस ना, तर लोक त्यात भजी बांधून नेतील." म्हणून मी बहुधा लिहिलं नाही. लिहिलं ते असं — 'शेवटच्या खेपेतील गाड्यांच्या छताच्या अस्तराखाली, पत्र्यावर, कामगारांनी आपापली नावे लिहिली.'

कुणी सांगितलं होतं मला? कुणीच नाही. सुचलं. सुचलं आणि इतकं खरं वाटलं की लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही. आजही ते वाक्य वाचलं की क्षणभर विश्वास बसतो — माझाच! असं कसं होतं?

थोड्याच दिवसांत ओळीपुढे कुणीतरी खूण केली: संदर्भ हवा. मी तीच ओळ आमच्या पुढच्या पत्रकात घातली आणि संदर्भ म्हणून ते पत्रक दिलं. स्वतःच्या जामिनाला स्वतःच उभी राहिले म्हणा. पुढे एका वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीने ती उचलली, आणि पत्रकाच्या जागी पुरवणीचा संदर्भ आला. माझं खोटं माझ्यापेक्षा प्रतिष्ठित झालं.

तेव्हा भीती वाटायला हवी होती ना? वाटलं ते कुतूहल. लालबागला टपरीवर एक अनोळखी माणूस मला माझीच गोष्ट सांगत होता. नावं म्हणे हिरव्या रंगात होती, आणि त्यात एक नाव बाईचं. "माझ्या मामाने स्वतः बघितलंय, काय!" हिरवा रंग कुठून आला? ती बाई कोण? मी खोदून खोदून विचारत राहिले, चहा गार झाला. बाईचं नाव आपल्याला का सुचलं नाही, याची चुटपुटही लागली.

हसा. इथपर्यंत मीही हसत होते.

आमच्या समितीचा टेम्पो चालवतो तो संदेशदादा. त्याचे बाबा रोहिणीच्या कारखान्यात होते — छताचं अस्तर बसवायच्या खात्यात. नंतर त्यांनी शेवटच्या खेपेतलीच एक रोहिणी टॅक्सी म्हणून चालवली, मरेपर्यंत. ती अजून वडाळ्याला त्यांच्या बिल्डिंगमागे ताडपत्रीखाली उभी आहे. जुने कामगार बाबांबद्दल एक गोष्ट कुजबुजायचे, संदेशदादाच्या कानावर जाईल अशा बेताने — बाकीचे लढत होते तेव्हा हा मॅनेजमेंटशी समझोता करून आधीच बाहेर पडला. त्यावर संदेशदादा दर मीटिंगला उठून म्हणायचा, "माझा बाप शेवटच्या पाळीपर्यंत आत होता."

त्याने पुरवणी वाचली. लगेच मला फोन. "अगं, छत! बाबांचं खातंच ते! तू ये, फोटो काढ. शेवटच्या खेपेत बाबांचं नाव सापडलं की बघू कोण तोंड उघडतो."

मी गेले. फोनवरच सांगता आलं असतं. तरी गेले.

रविवारची सकाळ. त्याची आई गाडीशेजारी खुर्ची टाकून बसलेली, हातात ओला फडका — नावावर धूळ असली तर पुसायला. संदेशदादाने कडेची पट्टी उचकटली आणि ब्लेडने अस्तर कापत गेला. कदाचित बाबांच्याच हातचं अस्तर. आत काथ्या, सुकून पिवळा पडलेला गोंद, गंजका पत्रा. टॉर्च माझ्या हातात.

"गावला काय रे नाव?" आई बाहेरून.

"थांब गे आये, बघतंय."

सगळं छत उघडं झालं. काही नव्हतं.

आई म्हणाली, "तेंचा अक्षर बरा नाय होता. लाजले असतले."

संदेशदादा पाय बाहेर सोडून सीटवर बसला. केसांत काथ्या. "नाय गे आये," तो म्हणाला. "लोक बोलत होते ताच खरा."

तेव्हा बोलायचं होतं. एक वाक्य. आणि मी काय बोलले? "दुसऱ्या गाडीवर असेल, दादा." म्हणजे पुन्हा तेच खोटं — या वेळी त्याच्या तोंडावर.

आता तो मीटिंगला बाबांचं नाव काढत नाही. टेम्पो लावतो, मागे उभा राहतो. ती ओळ मी एकदा काढली. कुणा गाडीप्रेमीने परत घातली — 'संदर्भ असलेला मजकूर कृपया काढू नये.' 'हे मी रचलं' असं लिहायचं तर खाली माझं नाव घालावं लागलं असतं. मी लॅपटॉप मिटला. संदेशदादाचे बाबा शेवटच्या पाळीला होते की नव्हते, मला माहीत नाही. त्या छताला तर कधीच माहीत नव्हतं.

एक राहिलं. मागच्या काचेच्या वरचा, छताचा शेवटचा कोपरा उघडताना संदेशदादा म्हणाला होता, "जरा डावीकडे धर गं, काहीतरी दिसतंय." तिथे काही नाही हे आम्हा तिघांत फक्त मला ठाऊक होतं. मी टॉर्च डावीकडे नेला. त्याला नीट दिसावं म्हणून हात आणखी वर केला.