आत्याच्या छातीतलं दार

आमची आत्या म्हणजे भारी प्रकरण. सिनेमाच्या थेटरात दारावर उभं राहून तिने उभा जन्म काढला. पुढच्या दाराने आत, मागच्या दाराने बाहेर, हा तिचा कायदा. पुढच्या दाराशी नंतरच्या खेळाची माणसं ताटकळत असायची, त्यामुळे खेळ संपल्यावर कुणी तिकडे वळला की त्याची खैर नसे. एकदा बाबांची, म्हणजे तिच्या सख्ख्या भावाची, सायकल पुढच्या अंगाला होती. तरी तिने त्यांना मागून बाहेर काढून अख्ख्या थेटराला वळसा घालायला लावला. बाबा अजून ते उगाळत असतात.

अशी ही बाई हल्ली एक जिना चढली तरी धापा टाकायला लागली. डॉक्टर म्हणाले, हृदयातली झडप गळतेय, बदलायलाच हवी, नाहीतर जिवाशी खेळ आहे. आत्या म्हणाली, "मला काही धाड भरलेली नाही," आणि घरी येऊन भाजी चिरत बसली. आमच्या तोंडचं पाणी पळालं. बाबांनी तर हातच टेकले.

मी तिला गोडीगुलाबीने पुन्हा दवाखान्यात नेलं. म्हटलं, "डॉक्टर, हिला थेटराच्या भाषेत सांगा."

डॉक्टर माणूस मिश्कील. "हे बघा, आत्याबाई. वरचा कप्पा म्हणजे बाहेरची खोली, खालचा म्हणजे हॉल. रक्त आत आलं, हॉल भरला. मग हॉल आवळतो, आतला दाब वाढतो आणि त्या रेट्याने पुढचं दार चौकटीत घट्ट बसतं."

"पण लावतं कोण?"

"कुणीच नाही. क्षणभर दोन्ही दारं बंद असतात. आतला दाब बाहेरच्यापेक्षा वाढला की मागचं दार उघडतं आणि रक्त बाहेर पडतं. हॉल सैलावला की मागचं मिटतं, पुढचं उघडतं. लगेच पुढचा खेळ."

दारावर माणूसच नाही, हे आत्याला मुळीच रुचलं नाही. "मग माझं कुठे अडलंय?"

मी आगीत तेल ओतलं. "तुझं पुढचं दार नीट लागत नाही, आत्या. खेळ संपला की बरीच मंडळी तिथूनच परत येतात."

"माझ्या दारातून?"

"प्रत्येक खेळाला."

आत्याने पिशवी उचलली. "कधी कापायचंय ते सांगा."

आता तिला धातूची झडप बसवलीय. ती मिटताना टक टक ऐकू येते. परवा आम्ही तिला तिच्याच थेटरात नेलं. पडद्यावर कुणीतरी मरत होतं, हॉल चिडीचूप, आणि आमच्या रांगेतून टक, टक. पुढचा माणूस वळला. "अहो, ते घड्याळ बंद करा की."

"दार आहे ते," आत्या म्हणाली. "तुम्ही समोर बघा."

मी सिनेमा पाहिलाच नाही. गाणं लागलं की टकटक बुडायची. मग मी तिच्याकडे झुकून कान द्यायचे.

खेळ संपला. बाबा सवयीने पुढच्या दाराकडे वळले, तशी आत्याने त्यांची कॉलर धरली. या खेपेला बाबा हसत मागच्या दाराकडे वळले.