दैवशालाची काळी खिडकी

भूमच्या आमच्या पशुखाद्याच्या दुकानात हिशेब दैवशाला बघते आणि टेम्पो मी चालवतो. तिच्या जिभेला सुट्टी नसते. एकच काम पुन्हा पुन्हा करायचं मात्र तिच्या जिवावर येतं. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून एकेक बिल उघडून उतरवण्यापेक्षा ती व्हिडिओ बघून संगणकाला हुकूम सोडायला शिकली. काळी खिडकी उघडायची, दोन ओळी टाइप करायच्या, की सॉफ्टवेअरच्या पोटातली बिलं आपोआप यादी होऊन बाहेर. मालक सिद्धेश्वर अप्पांना ते बघूनच घाम फुटायचा. डेटा उडाला तर कुणाच्या दारात जाऊ, असं म्हणत त्यांनी ती खिडकी उघडायचीच नाही असं बजावलं होतं.

एका शनिवारी दुपारी कंपनीचा फोन आला. एका लॉटच्या पोत्यांत बुरशीचं विष निघालं होतं, दुसऱ्या तालुक्यात गाई दगावल्या होत्या. तोच लॉट आम्ही आठवडाभर विकत होतो. संध्याकाळी धारेच्या वेळी त्याचंच भिजवलेलं आंबोण गावोगाव जनावरांपुढं जाणार होतं.

अप्पा एकेक बिल उघडायला बसले.

"सरका, अप्पा," दैवशाला म्हणाली.

"अन् डेटा उडाला तर?"

"जनावरं मरायलीत, अन् तुमाला डेटाचं पडलंय व्हय?"

अप्पा उठले. तिनं हुकूम सोडला. उत्तर आलं, जोडणी झाली नाही. पुन्हा सोडला, पुन्हा तेच. सॉफ्टवेअरनं बाहेरच्याला माहिती द्यायची ती सेटिंगच अप्पांनी बंद करून ठेवली होती. तिनं ती शोधून चालू केली. आता यादी आली, पण कोरी.

"मागच्या वर्षाचं खातं उघडलंय मी," ती स्वतःवरच खेकसली. चालू वर्ष उघडलं, आणि नावं सरसर उतरू लागली. लॉट, गाव, फोन नंबर. मला तर रडूच आलं.

तिघांनी नावं वाटून घेतली आणि फोन सुरू केले. गिऱ्हाइकांपैकी नीलम्मांनी कालवलेलं आंबोण तसंच ओतून दिलं. अमरनाथनं शेजाऱ्याला अर्धं पोतं उसनं दिलं होतं, तो तिकडं पळाला. शेवटचा फोन झाला तेव्हा उन्हं कलायला लागली होती. दैवशाला खुर्चीत मागं रेलली.

"लई मोठं काम केलंस, पोरी," अप्पा म्हणाले, आणि तेवढ्यात त्यांचा चेहरा उतरला. "तुज्या आईला आपल्या शेजारच्या वाशीला त्याच लॉटचं एक पोतं पाठवलं होतं की गं म्या. म्हैस व्याली म्हणून. त्याचं बिल कुठलं केलंय?"

बिल नाही, म्हणून यादीत नाव नाही. दैवशालालाही पोत्याचं ठाऊक होतं, पण तिचा सगळा जीव त्या यादीत अडकलेला. तिनं आईला फोन लावला.

"आई, दुकानाचं पोतं फोडलंस का?"

"सकाळीच फोडलं की. तुज्या दुकानाचं हाय म्हणून रोजच्यापेक्षा घमेलंभर जास्तच टाकलं. का गं?"

दैवशाला फोन हातात घेऊनच बाहेर पळाली. मी टेम्पो काढला. वाटेत जनावरांच्या डॉक्टरांना घेतलं. अख्ख्या वाटेत ती एक शब्द बोलली नाही, आणि तिच्या बडबडीला कावणारा मी, तिनं काहीतरी बोलावं म्हणून आसुसलो होतो.

पोचलो तेव्हा म्हैस खाली पसरली होती. डॉक्टरांनी नुसती मान हलवली. रेडकू तिच्या कासेला ढुशा मारत होतं. विषाचं दूध त्याच्या पोटात जायला नको म्हणून दैवशालानं आधी त्याला तिथून ओढून बाजूला बांधलं.