सुनंदानं मला सांगितलं होतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. सुनंदाला तर नाहीच.

सँडीफोर्ड या आयरिश उपनगरात आमच्या वरच्या मजल्यावर एक मराठी जोडपं राहायचं. बाळ सांभाळायला त्यांनी साताऱ्याकडून सुनंदाला आणलं. ती एकटी कधी बाहेर दिसायची नाही. मला ते खटकलं नव्हतं का? खटकलं होतं. पण रोजचं येणं-जाणं, त्यांच्याकडचा गणपती — बोलणार कोण?

एकदा बाळाला कडेवर घेऊन ती आमच्या दारात आली. "ताई, माझा पासपोर्ट वहिनींनी ठेवून घेतलाय. घरी फोनसुद्धा करू देत नाहीत. कुणाला तरी सांगा ना."

मी सांगितलं — पण कुणाला? त्या वहिनीलाच. चहा पिताना, हसत हसत — "अगं, तुझी सुनंदा काय काय बोलत होती!" विषय निघेल, मिटेल, असं वाटलं मला? की मी त्यांच्या बाजूची आहे हे त्यांना कळावं, असं? — यातलं दुसरं खरं. त्यानंतर सुनंदा खिडकीतही दिसेना.

ऑफिसातली मार्गारेट क्वेकर या ख्रिस्ती पंथाची. तिच्या आग्रहाखातर एका रविवारी त्यांच्या प्रार्थनेला गेले. सगळे नुसते शांत बसतात. नंतर चहाच्या वेळी ती पूर्वजांबद्दल सांगू लागली — गुलामांच्या कष्टाची साखर त्यांनी घरात येऊ दिली नाही, गुलामगिरीविरुद्ध गावोगाव सभा घेतल्या. मी म्हटलं, "थोर माणसं!"

"सुरुवातीला आमच्यातल्याच काहींकडे गुलाम होते," ती म्हणाली. "बाकीच्यांना ते माहीत होतं. आधी आपल्याच माणसांशी भांडावं लागलं."

मी कप खाली ठेवला. मी तिला सुनंदाबद्दल सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "ती आत्ता तिथंच आहे?" — आणि कोट चढवला. आम्ही तशाच पोलिसांकडे गेलो.

त्याच दिवशी सुनंदा बाहेर आली. आमच्या ओळखीतल्या कितीतरी घरांनी माझ्याशी बोलणं सोडलं. मार्गारेटच्या मंडळींनी सुनंदाला खोली दिली, वकील गाठून दिला. आता ती क्लोनडॉकिनच्या एका पाळणाघरात स्वयंपाक करते; आयरिश पोरं तिच्याकडे वरणभात मागून घेतात. फोनवर म्हणते, "ऑल ग्रँड, ताई!" उन्हाळ्यात गावी लेकीला भेटायला गेली आणि परतही आली — स्वतःच्या मर्जीनं.

पण मार्गारेटलाही मी अर्धंच सांगितलं होतं. सुनंदाला अजून वाटतं, तेव्हा जिन्यात कुणीतरी ऐकून वहिनींना सांगितलं असणार. चारचौघांत माझा हात धरून म्हणते, "ह्यांनी सोडवलं मला."

कुणी ऐकलं नव्हतं. मी सांगितलं होतं.

येत्या रविवारी ती जेवायला येतेय. पानं घ्यायच्या आधी तिला सांगणार आहे. मग ती जेवेल, किंवा उठून जाईल.