मागच्या चाकातली हवा

कल्पना करा, समोर सायकल उभी आहे आणि तुम्ही तिचं मागचं टायर अंगठ्याने दाबताय. अंगठा आत गेला, म्हणजे हवा कमी. असं चाक रस्त्यावर पसरतं आणि पायातला जोर तिथेच जिरतो. पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यातल्या फिटरला हे तोंडपाठ होतं. कुणाचीही सायकल दिसली की त्याचा अंगठा आपसूक टायरवर जायचा.

त्याच कारखान्यात खोकी तपासणारी एक जण होती; त्या तपासणीवालीचं मागचं चाक मात्र रोज संध्याकाळी बसलेलं असायचं. पुलापर्यंत दोघांची वाट एकच. टायर टणक असलं तर सात मिनिटं; तिच्या चाकापायी अकरा लागायची. तेवढ्यात ती साहेबांची नक्कल करायची, याच्या शर्टाच्या वर-खाली लागलेल्या बटणांना हसायची. हा दिवसभर त्या अकरा मिनिटांची वाट बघायचा. पण मनातलं बोलायचं म्हटलं की तोंडाला कुलूप.

मग त्याने आपल्याला येत होतं ते केलं. एका शनिवारी जेवणाच्या सुटीत तिचं चाक उघडलं. ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात फिरवली. एक बुडबुडा येईल तर शपथ. व्हॉल्व्हची रबरी नळीही धड होती. तरी नवी घातली आणि टायर दगडासारखं होईपर्यंत पंप मारला.

"आता बघा, सात मिनिटांत पुलावर!"

तिने टायर अंगठ्याने दाबून बघितलं. "तुम्हाला एवढी घाई असते, माहीत नव्हतं."

"मला कसली घाई? तुमचीच चार मिनिटं वाचतील."

"बरं," म्हणाली आणि निघाली. त्या दिवसापासून ती पुढे, आणि याला नुसती तिची पाठ. महिन्याभरात तिने दिवसपाळी सोडून पहाटे सुरू होणारी पाळी मागून घेतली.

भाजी निवडता निवडता वहिनीने हे सगळं त्याच्याकडून काढून घेतलं.

"ट्यूबला भोक नव्हतं ना?"

"नव्हतं."

"आणि सकाळी ती कामावर यायची तेव्हा?"

"तेव्हा टायर टणक असायचं. म्हणून तर कळेना, हवा जाते कुठे!"

वहिनीने कपाळाला हात लावला. "धन्य आहे भावजी तुमची! एवढी यंत्रं खोलता, आणि एवढंसं कळलं नाही?"

फिटरच्या हातातली जुडी हातातच राहिली.

आता त्याचीही पाळी बदलली आहे; तो दुपारच्या पाळीला निघतो तेव्हा ती घरी परतत असते. पुलावर दोघं समोरासमोर येतात. ती क्षणभर जास्त दिसावी म्हणून तो स्वतःच्या चाकात हवा कमी ठेवतो. तिचं चाक मात्र टणक. मान हलवते न हलवते तोच सर्रकन निघून जाते. एक दिवस तिला थांबवावं आणि एवढंच विचारावं, असं त्याच्या फार मनात आहे: ती हवा तुम्हीच सोडत होतात का?