नापास केलेली घरं

जेवण झालं की हल्ली मी आडवी पडते. झोप अशी लागत नाही, नुसती पापणी जड होते आणि पंख्याचा आवाज लांब लांब जातो. आजही तशीच पडलेय. उशाशी फोन आहे. विश्रामबागेतला पहिल्या मजल्यावरचा तो फ्लॅट घ्यायचा की नाही, ते एजंट मुजावरांना संध्याकाळपर्यंत सांगायचंय. उद्या दुसरी पार्टी बघायला येणार आहे. माझा मुलगा उमेश पुण्याहून म्हणतो, "आई, एकटीला घर कशाला हवंय? इकडे ये की." आणि मी सकाळपासून त्या फ्लॅटमध्ये खोट काढत बसलेय. ओटा बुटका आहे. स्वयंपाकघराची खिडकी अरुंद. वरच्यांच्या बाथरूमचा पाइप नेमका बेडरूमच्या भिंतीतून जातो. नाही म्हणायला एवढं पुरे आहे.

पंखा ऐकू येईनासा होतो. दार कुणी वाजवत नाही, पण हे आत उभे असतात. पायात बाहेरची चप्पल, शर्टाच्या खिशाला लाल पेन.

"आवर लवकर," म्हणतात. "घर बघायचंय."

हे जाऊन दुसरं वर्ष चालू आहे. मला ते माहीत आहे, त्यांनाही माहीत असावं, पण तो विषय आम्ही कुणीच काढत नाही. मी चपला घालते आणि नेहमीसारखी त्यांच्या मागे निघते.

हे हायस्कूलला गणित शिकवायचे, आणि घर बघायचे ते पेपर तपासावा तसं. भिंत बोटाच्या पेरानं वाजवायची. सगळे नळ एकदम सोडून धार बघायची. एकदा सकाळी बघितलेलं घर पुन्हा भर उन्हात बघायचं, मग पावसाळ्यात पुन्हा. एजंटला काही विचारायचं नाही. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारायचं, पुराचं पाणी इथं कुठवर आलं होतं. आणि शेवटी मार्क कापायचे. त्यांच्या हातून एक म्हणून घर पास झालं नाही, आणि आम्ही जन्मभर भाड्यानं राहिलो. बरं, त्यांचं चुकत होतं असंही म्हणता येत नाही. काढलेली प्रत्येक खोट खरी असायची, आणि त्यानंच माझं तोंड बंद व्हायचं.

आम्ही जिना चढतो. वर विश्रामबागेतला फ्लॅट असायला हवा. हे दार ढकलतात आणि आत गावभागातलं ते घर असतं, ओलीमुळे सोडलेलं. उमेश तेव्हा बालवाडीत होता. आता तिथे माणसं जेवायला बसली आहेत. आम्ही कोण, कुठले, कुणी विचारत नाही. भाकरी वाढता वाढता घरातली बाई म्हणते, "या की, बसा."

हे बसत नाहीत. सरळ मागच्या भिंतीपाशी जातात. तिथे लोखंडी कपाट उभं आहे.

"इथं ओल होती," हे म्हणतात.

"अजून आहे की," बाई म्हणते. "पावसाळ्यात पार वरपर्यंत चढती."

"मग?"

"मग काय? कपाट लावलं."

"अहो, पण कपाटातले कपडे?"

"थोरलीचं लग्न ह्याच घरातनं केलं," बाई म्हणते. "धाकटीचं आता बघतोय." आणि ती आमटी वाढायला वळते.

हे खिशातलं पेन काढतात, थोडा वेळ हातात धरतात आणि पुन्हा खिशाला लावतात.

आतली खोली बघावी म्हणून मी पडदा बाजूला करते, तर मिरज रस्त्यावरचा तो फ्लॅट. हा मला फार आवडला होता. बाल्कनीसमोर मोठं कडुलिंबाचं झाड होतं. घेऊ या हो, असं मी तोंडानं म्हणाले होते, आणि मी सहसा म्हणायची नाही. तेव्हा यांनी मला दुपारी तिथे नेऊन खिडकीपाशी उभं केलं होतं, ऊन किती भाजतं ते कळावं म्हणून. कळलं होतं. आता त्याच खोलीत एक म्हातारेबुवा स्टुलावर बसलेत. सावलीचा पट्टा सरकला की तेही स्टूल थोडं सरकवतात.

"त्रास होत नाही उन्हाचा?" हे विचारतात.

"होतो की. ते सरकतं तसा मी सरकतो. दुसरं काम काय आहे?"

हे माझ्याकडे बघतात. असा चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता. पोरांना शिकवलेलं गणित स्वतःचंच चुकलंय असा.

"एवढंच करायचं होतं होय?" ते म्हणतात.

मला राग येतो. गेलेल्या माणसावर रागवू नये हे कळतं, तरी येतो. "हे तुम्हाला आत्ता कळतंय?"

"मला वाटायचं, बिनखोटीचं सापडेल. पुढच्या रविवारी."

"आणि पुढचा रविवार येईपर्यंत मी कुठं राहायचं होतं?"

मी बाल्कनीचं दार उघडते. झाड नाहीये. आमच्या भाड्याच्या घरामागचा बोळ आहे, सांडपाण्याची गटार, पलीकडे भिंत. पुढच्या अंगणातून सनईची कॅसेट ऐकू येते. माझे पाय तिथेच थांबतात. हा बोळ यांना दाखवायचा नव्हता मला.

"मला इकडून नेलंत ना?" हे शांतपणे विचारतात.

"पुढं मांडव होता हो. मालकांच्या मुलीचा साखरपुडा होता त्या दिवशी. आवटी हात जोडून म्हणाले, वहिनी, पाहुणे आलेत, तेवढं मागनं न्याल काय? मी काय बोलणार? घर त्यांचं, फाटक त्यांचं."

"त्यांचंही काही चुकलं नाही."

"नाहीच चुकलं. पण बोळ अरुंद. तिरडी तिरकी करावी लागली."

"तिथल्या नळाला घासली," हे म्हणतात. "तो नळ गळतो, मी आवटींना कितीदा सांगितलं होतं." मग ते वाकून त्या नळाकडे बघतात. "ओल बघितली, ऊन बघितलं, पूर बघितला. पुढच्या दारानं जाता येईल का, ते बघायचं राहिलं."

"मला पुढच्या दारानं जायचंय," मी म्हणते. "म्हणून हवंय मला घर. उमेशला हे सांगता येत नाही." हे बोलताना मला रडू येतं आणि मी ते येऊ देते.

बोळ संपतो तिथे विश्रामबागेतल्या फ्लॅटचं दार आहे. आत सगळं मोकळं. मी खिडकीतून खाली वाकून बघते. पार्किंगमध्ये पाणी भरलंय, संथ, आणि त्यात वर्गातले बाक तरंगतायत.

"अहो, पाणी येतंय इथं."

"येणार," हे दारातून म्हणतात. "नदीकाठचं गाव आहे. आलं की वर बसून चहा करायचा."

"ओटा बुटका आहे. भिंतीतून पाइप गेलाय. कापा ना मार्क."

"मी नाही कापत."

ते भिंत वाजवत नाहीत, नळ सोडत नाहीत. उंबरठ्याच्या बाहेरच उभे आहेत. मी आत या म्हणते, तर चपलांकडे बघतात आणि काढत नाहीत.

"उंबरठा कोरडा आहे," म्हणतात. "हळद लाव."

"मी? आता मी लावायची?"

"घर कुणाचं आहे?"

माझ्या हातात वाटी असते, कालवलेल्या हळदीची. मी खाली वाकते आणि उंबरठ्यावर बोट ओढते, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ते टोक येतं तेव्हा समोर त्यांचे पाय नसतात. जिन्यावरून चपलांचा आवाज खाली जातो, पाण्यापर्यंत, आणि मग येत नाही.

मी जागी होते. पंखा फिरतोय. खिडकीतलं ऊन अजून उतरलेलं नाही. उजव्या हाताचं बोट पेरापर्यंत पिवळं आहे, आणि ओलं. मी उठून बसते आणि आठवून बघते. दुपारी मी नुसता दहीभात खाल्ला होता. हळदीच्या डब्याला आज हात लागलेला नाही.

त्याच बोटानं मी फोन लावते.

"मुजावर, तो फ्लॅट मी घेतला."

"चांगलं केलंत, काकू. खरं सांगू, तुम्ही नकोच म्हणणार असं वाटलं होतं. थांबा, लिहून घेतो. पूर्ण नाव सांगा."

"मंदाकिनी हणमंत सूर्यवंशी."

"मधलं नाव कळलं नाही, काकू. आवाज गेला तुमचा."

घराच्या कागदावर त्यांचं नाव पहिल्यांदाच लागणार आहे, तेही माझ्या नावाला धरून. मी घसा साफ करते आणि ते पुन्हा सांगते, या वेळी सावकाश.