बाबांचं गाणं अन् माईकवरचा चोर

मंडळी, आज दुपारी सिहोऱ्याच्या लग्नात माझं डोकं असं फिरलं की अजून ठिकाणावर नाही.

ऑर्केस्ट्राच्या गायकानं बाईसारखा बारीक आवाज काढून एक गाणं म्हटलं. पब्लिक नाचलं. अन् हा माईकवर सांगतो, "हे माझं ओरिजिनल गाणं!"

अरे चोरा! ते गाणं माझ्या बाबांनी रचलं. गावच्या मंडईच्या जत्रेत दंडारीचं लोकनाट्य व्हायचं, तेव्हा लुगडं नेसून, बाईचं सोंग घेऊन बाबा ते याच आवाजात म्हणायचे. मग एका कॅसेटवाल्यानं ते बाईकडून गाऊन घेतलं. मग डीजेवाल्यानं त्यात धडधड भरली. प्रत्येकानं आपलं नाव लावलं, बाबांचं कोणीच नाही.

बाबा तिथंच पंगतीत जेवत होते. मी स्टेजवर चढून माईक हिसकावला अन् सगळ्यांसमोर त्या गायकाला झापलं. तो म्हणे, "भाऊ, मले काय मालूम? मी तं मोबाईलवर आयकलं."

बाबा उठलेच नाहीत. घरी येताना गाडीवर मागून म्हणाले, "त्याच्याशी काहून भांडला? त्याले मालूम नव्हतं. तुझे कॉलेजचे दोस्त दंडार पाहाले आले होते, तवा लुगड्यातला मानूस कोन म्हनून त्याईनं तुले इचारलं. तू म्हनला, मले नाही मालूम."

सांगा मंडळी, या पोस्टमध्ये चोर म्हणून आता नाव कोणाचं लिहू?