नाव न दिलेली माणसं

ती घटना आठवली की आजही सगळ्यात आधी डोळ्यांसमोर येतात ते आणे घाटाच्या वळणावर सांडलेले टोमॅटो. पिकअप उलटली होती, क्रेट फुटले होते आणि डांबरावर लाल चिखल झाला होता. त्यात रक्त किती आणि टोमॅटो किती, ते कळायला मार्ग नव्हता. मी तेव्हा त्या भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. या लेखात मी कुणाचंच नाव लिहिणार नाही. पोलिसाच्या आठवणींत ती पद्धतच असते, पण इथं त्याला आणखी एक कारण आहे आणि ते ओघात येईल.

घाटात अपघात झाला की आमची गाडी पोचायच्या आधी तिथं काही माणसं पोचलेली असायची. गॅरेज चालवणारा मिस्त्री, औषधांच्या दुकानाचे मालक शेठ, एक ढाबेवाला, दुधाच्या टेम्पोचा ड्रायव्हर आणि वळणावर चहाची टपरी चालवणारी मावशी. शेठ राजस्थानातून आलेल्या जैन घराण्यातले, पण आजोबांपासून इथलेच. मराठी माझ्यापेक्षा चोख. मिस्त्री पत्रा कापून अडकलेला माणूस बाहेर काढायचा, शेठ पट्ट्या बांधायचे आणि मावशी जखमीचं डोकं मांडीवर घेऊन बसायची. दुसरं काही येत नाही म्हणायची. कॉलेजच्या पोरांनी यांचा व्हिडिओ काढून 'आणे घाटाचे सुपरहिरो' म्हणून मोबाइलवर फिरवला. तेव्हापासून मिस्त्री दिसला की लोक विचारायचे, "काय राव, आज उडाला न्हाई का?"

मदत करणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती करता येत नाही, असं कायदा सांगतो. पण जखमींचे मोबाइल आणि पाकिटं गायब झाल्याच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा वरून आदेश आला. मदतीला येणाऱ्यांची ठाण्यात नोंद करा, फोटो घ्या, ओळखपत्र आणि नंबरचं जॅकेट द्या, बाकीच्यांना दोरीच्या आत सोडू नका. एक म्हणतो विचारू नका, दुसरा म्हणतो लिहून घ्या. मधल्या मध्ये ठाण्याचा प्रभारी. मी सगळ्यांना ठाण्यात बोलावून चहा सांगितला.

शेठ आधीच आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन आले होते. ते म्हणाले, "साहेब, माझे आजोबा इथं आले तेव्हा त्यांच्याकडं दुसरं काही नव्हतं, नाव होतं. नाव द्यायला भितो त्याच्यावर लोकांनी विश्वास कसा ठेवायचा?" ढाबेवाल्यानं तर तिथंच जॅकेट घालून फोटो काढला.

मिस्त्री भिंतीला टेकून उभा होता. "शेठ, नाव लिवलं की ते काम व्हतं. नाय लिवलं तर पुण्य. आन् सुपरहिरोला आधार कार्ड लागतं व्हय?"

सगळे हसले, शेठ नाही हसले. शब्दानं शब्द वाढला. इतकी वर्षं एका स्ट्रेचरची दोन टोकं धरणारी ही माणसं एकमेकांना नावं ठेवू लागली. मावशीला मी विचारलं, तर ती उठली आणि पदर खोचत म्हणाली, "माझं दूध उतू जातंय सायेब," आणि निघून गेली. त्या दिवसापासून त्यांच्यात दोन तट पडले.

टोमॅटोचा अपघात त्यानंतर थोड्याच दिवसांत झाला, भर दुपारी. खोडदचं एक तरुण जोडपं मोटारसायकलवरून घाटापलीकडं लग्नाला निघालं होतं. पिकअप त्यांच्या अंगावर आली. नवऱ्याचा पाय मोडला, बायको बेशुद्ध पडली. दोन्ही तटांची माणसं धावली. बंदोबस्तावरच्या शिपायानं दोरी बांधली, पण मावशी दोरीखालून वाकून आत गेली. त्या पोरीचं डोकं मांडीवर घेऊन ती गाडी येईपर्यंत बसून राहिली. बाजूला काही लोक टोमॅटो पिशवीत भरत होते. नोंदीचा नियम त्यांना लागू नव्हता.

दुसऱ्या दिवशी तक्रार आली. जखमी पोरीच्या गळ्यातलं गंठण नाही. तिच्या सासूचं, तिच्याही सासूचं, घरात पिढ्यांपासून चालत आलेलं. दवाखान्यात दाखल करताना अंगावर दागिना नव्हता, अशी तिथली नोंद होती. पोरगी अजून शुद्धीवर नव्हती आणि सासू दवाखान्याच्या पायरीवर बसून रडत होती.

दुपारी मला एक फोन आला. आवाज ढाबेवाल्याचा. "सायेब, मावशीचा हात त्या पोरीच्या गळ्यापाशी व्हता. मी डोळ्यानं बघितलं. तिची नोंद बी न्हाई. पर माझं नाव कुठं घेऊ नका." नोंद करून घेण्यात ज्याचा पहिला नंबर होता, तोच हे सांगत होता. मला हसू आलं, पण खबर ती खबर. ती तपासायलाच हवी.

मला त्या दिवशी बैठकीला जाणं भाग होतं. चौकशी आमच्या नव्या फौजदाराकडं दिली. पोरगा मुंबईचा, हुशार आणि कामाला वाघ. महिला हवालदाराला शेजारी बसवून त्यानं मावशीला रीतसर प्रश्न विचारले. तिनं गंठण काढल्याचं लगेच कबूल केलं आणि कुठं ठेवलं तेही सांगितलं. फौजदारानं पंच घेतले, टपरीवर गेला आणि मावशी बसते तो दगडमातीचा ओटा पाडून पायापर्यंत उकरला. काहीच मिळालं नाही. संध्याकाळी मी परतलो तेव्हा तो म्हणाला, "सर, बाई दिशाभूल करतेय. माल दुसरीकडं हलवलाय." मावशीला दिवस मावळायच्या आत घरी सोडलं होतं. सकाळी गुन्हा दाखल करायचा, असं ठरलं.

ती बातमी रात्रीतच गावभर झाली. मिस्त्रीनं निरोप पाठवला की आता घाटात कुणी मेलं तरी आपण उतरणार नाही. मला मावशीची काळजी होतीच, पण तिच्यावर चोरीचा ठपका बसला तर त्या घाटात पुन्हा कुणी कुणाला हात लावणार नव्हतं, हेही मला दिसत होतं.

सकाळी ठाण्याच्या दारात आरडाओरडा ऐकू आला. पुढं मावशी, मागं शेठ. शेठनी हात जोडले. "साहेब, हिची नोंद तुमच्याकडं नसेल, माझ्याकडं आहे. काय लागेल ती सही करतो." नोंदीवरून जिच्याशी बोलणं टाकलं होतं, तिच्यासाठी हा माणूस दुकान बंद ठेवून आला होता.

मावशीला मात्र चोरीच्या आळापेक्षा दुसराच राग होता. "माझा वटा का फोडला?"

"मावशी, तुम्हीच सांगितलंत ना गंठण ओट्यात ठेवलंय म्हणून," फौजदार म्हणाला.

"वट्यात? वट्यात कशाला ठिवीन? वच्यात म्हनले मी. वच्यात. तिच्याच वच्यात."

तीस वर्षांच्या नोकरीत मी एक गोष्ट शिकलो होतो. खोटं बोलणारा विचारलं की तपशील वाढवत जातो, खरं बोलणारा वैतागतो. मावशी वैतागली होती. आणि माझे कान माझ्या गावचे, महाळुंगे पडवळचे. माझी आई नऊवारीच्या ओच्यात शेतातून शेंगा घेऊन यायची. कमरेशी साडीचा घोळ वर खोचला की त्याची झोळी होते, तो ओचा. आमच्याकडं त्याला वचा म्हणतात. मुंबईच्या पोराला तो वटा ऐकू आला, यात त्याची तरी काय चूक?

मी विचारलं, "नीट सांगा, काय केलंत?"

"तिचा गळा सुजाया लागला, सायेब. गंठण रुतत व्हतं. काढलं, तिच्याच पदराच्या शेवाला गाठ मारली आन् वच्यात खवलं. ज्याचं त्याच्यापाशी."

म्हणजे गंठण साडीत होतं आणि साडी दवाखान्यात कापून काढली होती. मी दवाखान्यात फोन लावला. कापडांचं गाठोडं पोरीच्या दिरानं नेल्याचं कळलं. दिराचा फोन लागेना. मी फौजदाराला आणि पंचांना घेऊन थेट खोडदला निघालो. अपघाताची, रक्ताची कापडं आमच्याकडं घरात घेत नाहीत. कुणी जाळतं, कुणी पाण्यात सोडतं. त्या घरानं काय केलं असेल, याचाच घोर लागला होता.

खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या पांढऱ्या तबकड्या दिसायला लागल्या तसं त्यांचं शेत आलं. सासरा गोठ्यात होता. म्हणाला, "कापडं व्हय? बांधावरच्या बाभळीला बांधली व्हती. आज कालव्याला आवर्तनाचं पानी सुटलं. थोरला मघाशीच घिऊन गेला सोडाया."

आम्ही कालव्याच्या भरावावरून पळालो. माझं पोट तेव्हाही हवालदारासारखं होतं, पण पळालो. कालवा वळतो तिथं दीर उभा दिसला, हातात गाठोडं. पाणी त्याच्या पायाशी वाहत होतं. मी लांबूनच हाक मारली, "टाकू नको."

तो दचकून म्हणाला, "टाकतोय कशाला सायेब. पयलं पानी गाळाचं असतं. गाठोडं पुढं भावकीच्या पान्याच्या दारात अडाकलं तर भांडन व्हईल. म्हनून थांबलोय."

भावकीच्या भांडणांनी माझ्या नोकरीत मला लई छळलं. त्या दिवशी त्याच भांडणाच्या भीतीचे मी मनातून उपकार मानले.

पंचांसमोर गाठोडं सोडलं. रक्त वाळून साडी कडक झाली होती. कापलेल्या पदराच्या शेवाला घट्ट गाठ होती. ती बोटांनी सुटेना, तेव्हा फौजदारानं दातांनी सोडवली. आत गंठण होतं, एक मणीसुद्धा कमी नव्हता. पंचनामा लिहिताना त्या पोरानं मला हळूच विचारलं, "सर, वचा कसा लिहायचा?"

परत आलो तेव्हा मावशी बाकावर बसली होती. शेजारी शेठ, आणि आता मिस्त्रीही. मी सांगितलं, सापडलं. तिच्या तोंडावर आनंद वगैरे काही दिसला नाही. "सापडणारच की," ती म्हणाली. "त्या पोरीच्या सासूला आधी सांगा. रडतिया बिचारी."

मग मी तिला विचारलं, जे चहाला बोलावलं त्या दिवशीच नीट विचारायला हवं होतं. नाव द्यायला तुमची हरकत तरी काय?

मावशीनं घाटाकडं बोट केलं. "माझा मालक ह्याच रस्त्याला गेला, सायेब. मी दवाखान्यात पोचले तवा जीव गेला व्हता. डाक्टर म्हनला, दोगं जन त्याला घिऊन आले. त्याला पानी पाजलं, डोकं मांडीवर धरलं. एकटा नाय गेला तो. आन् नाव न सांगता दोगं निघून गेले. मी लई हुडकलं. मग त्या वळनावर टपरी टाकली. चा प्यायला कोन बी आला की वाटतं, ह्योच असंल. नाव कळलं असतं तर त्यांच्या पाया पडून मोकळी झाले असते. कळलं न्हाई, म्हनून येनाराजानारा समदाच मला त्यांच्यातला वाटतो." तिनं पदरानं नाक पुसलं. "आता मी माझं नाव दिऊन कशाला कुनाला मोकळं करू?"

शेठनी मान खाली घातली. मिस्त्री बाहेर जाऊन उभा राहिला. मी टेबलावरचे कागद उगाच सारखे करत बसलो.

मी वर अहवाल पाठवला. ज्यांना नोंद करायची त्यांची जरूर करावी, त्यात त्यांचा मान आहे. पण हात द्यायला आलेल्याला दोरीबाहेर थांबवू नये. साहेब चांगले होते, त्यांनी आमच्या ठाण्यापुरतं ते मान्य केलं. शेठ नंबरचं जॅकेट घालत राहिले, मिस्त्री तेलकट बनियनवरच येत राहिला, आणि स्ट्रेचरची दोन टोकं पुन्हा त्या दोघांच्या हातात आली. ओटा फौजदारानं रजेच्या दिवशी स्वतः दगड वाहून बांधून दिला. दगड ढाबेवाल्यानं पाठवले. कुणी पाठवले ते मावशीला सांगू नका, असं त्यानं दोनदा बजावलं. यावेळी मला ते पटलं.

ती पोरगी बरी झाली आणि सासूला घेऊन टपरीवर आली. गळ्यात गंठण होतं. मीही तिथं होतो. तिनं नारळ आणि तांदूळ मावशीच्या हातात ठेवले आणि पदर पसरला. विधवेनं ओटी भरू नये, असं आपल्याकडं मानतात. मावशी मागं सरली. पण पोरीनं पदर धरला तो धरलाच, आणि सासू म्हणाली, "भरा बाई. दुसऱ्या कुनाचा हक्क न्हाई." मावशीनं ओटी भरली. मग तिचा मूळ स्वभाव जागा झाला. "नीट वच्यात धर गं. न्हाईतर सायेबाची मानसं पुन्यांदा माझा वटा फोडत्याल." ते ऐकून सासू इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

नोकरीत मोठमोठे गुन्हे उघडकीला आणले, शाबासक्या मिळाल्या. त्यांचे कागद कपाटात आहेत. पण माणसाकडं बघायची नजर मला त्या टपरीनं दिली. त्याआधी मी पोलिसाच्या सवयीनं समोरच्या प्रत्येकात संशयित बघायचो.

निवृत्तीनंतर एकदा मंचरच्या बाजारात भाजी घेताना मला चक्कर आली. डोळे उघडले तेव्हा दवाखान्यात होतो. नर्सनं सांगितलं, दोघांनी रिक्षात घालून आणलं. पिशवीतली भाजीसुद्धा जशीच्या तशी ठेवून गेले, नावं काही सांगितली नाहीत. बाजारात कॅमेरे आहेत. माझ्या हाताखाली तयार झालेला माणूस तिथल्या ठाण्यात होता. एक फोन केला असता तर संध्याकाळपर्यंत दोघांची नावं, गावं, पत्ते हातात आले असते. फोन मी उचललाही होता.

मग मावशी आठवली, आणि ठेवून दिला. आयुष्यात हातात घेतलेला कुठलाही तपास मी अर्धा सोडला नाही. हा एकच सोडला. आता बाजारात जातो तेव्हा समोरून येणाऱ्या प्रत्येकाला आधी मीच रामराम घालतो. लोकांना वाटतं, रिटायर झाल्यावर साहेब मऊ झाले. वाटू दे. त्यांच्यातलेच दोघं ते असतील.